पंचविशीतल्या गरम वाफा आणि घरपोच हार्मोन पॅकेज

पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंत कुठेही राहा, सकाळी सातला माणूस घरी येतो, तीन-चार नळ्या रक्त घेतो आणि रात्रीपर्यंत मोबाइलवर वीस पानी रिपोर्ट येऊन पडतो. ‘फीमेल हार्मोन’, ‘विमेन वेलनेस’, ‘पीसीओएस प्लस’ अशी या पॅकेजची नावं. जाहिरातीतल्या लक्षणांच्या यादीत हल्ली ‘हॉट फ्लॅशेस’, म्हणजे गरम वाफाही दिसतात. हे परीक्षण तेवढ्याच एका तक्रारीपुरतं आहे. वय चाळिशीच्या आत, छाती-मानेपासून चेहऱ्यापर्यंत अचानक झळ चढते, दरदरून घाम फुटतो, दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग हुडहुडी भरते. अशा बाईला या पॅकेजचा उपयोग किती? रक्त घेण्याच्या सोयीला ५ पैकी ४ गुण, तपासण्यांच्या निवडीला अडीच, आणि पाळीची तारीख व चालू गोळ्या विचारण्याला जेमतेम १.

आधी जाहिरातीतल्या ‘७० तपासण्या’. हा आकडा फुगवलेला असतो. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एकच तपासणी, पण हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, त्यांचे पाच प्रकार, प्लेटलेट असं करत तिचेच वीसेक आकडे मोजले जातात. लिव्हरचे दहा, किडनीचे पाच-सहा, लिपिडचे सात-आठ. गरम वाफांचं कारण शोधायला लागणारं रक्तकाम मोजून सात-आठ तपासण्यांचं: थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी-४, एफएसएच (मेंदूकडून अंडाशयाला निरोप नेणारं हार्मोन) आणि त्याच नळीतून इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजन), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), सीबीसी-ईएसआर (ईएसआर म्हणजे शरीरातल्या सूज-संसर्गाचा अंदाज), साखर. ईएसआर बऱ्याच पॅकेजमध्ये नसतो. आणि सगळ्यात आधी करायची तपासणी तर एकाही पॅकेजात सापडणं मुश्कील: लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. मेडिकलमध्ये शंभर रुपयांच्या आत मिळते. पाळी चुकली असेल तर ती केल्याशिवाय हार्मोनवर खर्च करू नये.

मुख्य गोंधळ तारखेचा. बुकिंग करताना ‘सोयीचा स्लॉट’ विचारतात, पाळीची तारीख सहसा कोणी विचारत नाही. पाळी येत असेल तर एफएसएच आणि इस्ट्रॅडिओल पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात द्यायचं. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो, आदल्या दिवशीचा डाग नव्हे. महिन्याच्या मध्यावर बीज सुटण्याच्या सुमारास एफएसएच आपोआप वर उडी मारतं; त्या दिवशीचं रक्त गेलं तर निरोगी मुलीच्या रिपोर्टवर घाबरवणारा आकडा येतो. पाळीआधीच्या पंधरवड्यात ते खाली असतं, म्हणजे उलट खोटा दिलासा. इस्ट्रॅडिओल सोबत का, तर ते चढलेलं असेल तर एफएसएचला दाबून ठेवतं आणि एकटं एफएसएच पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. तीन-चार महिने पाळीच नसेल तर कुठलाही दिवस चालतो.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेलं एफएसएच म्हणजे पैसे पाण्यात. गोळीचं कामच ते दाबण्याचं आहे. डॉक्टरांना विचारून गोळी थांबवून, साधारण ६ ते ८ आठवडे जाऊ देऊन, मधल्या काळात दुसरं साधन वापरून मगच नमुना द्यावा.

दुसरी चूक वेळेची, आणि ती घरपोच सेवेचीच खास आहे. लोकांना साडेसहाचा स्लॉट आवडतो, कारण नंतर हिंजवडीची बस गाठायची असते. पण प्रोलॅक्टिन झोपेत चढतं आणि उठल्यावर तासा-दोन तासांत उतरतं. अंथरुणातून उठून थेट दार उघडलं आणि हात पुढे केला, तर प्रोलॅक्टिन जास्त येणारच. त्यासाठी उठून दोन तास झालेले असावेत, व्यायाम केलेला नसावा आणि सुई टोचण्याआधी पंधरा-वीस मिनिटं शांत बसलेलं असावं. म्हणजे नऊचा स्लॉट. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यायची.

आता गोळ्या. इथे पॅकेज सपशेल मार खातं, कारण फॉर्मवर ‘सध्या चालू औषधे’ हा रकाना असला तरी तो भरून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

केसांसाठीच्या गमी आणि गोळ्या घ्या. त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व ५ ते १० मिलिग्रॅमपर्यंत असतं. शरीराची रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये, तीही ३०-४०. अनेक यंत्रांवरची हार्मोन तपासणी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन यांच्या चिकटण्यावरच चालते, त्यामुळे रक्तात बायोटिन फिरत असेल तर आकडे दोन्ही बाजूंनी बिघडतात. टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी-४ खोटं जास्त येतं. गरम वाफा येणाऱ्या मुलीच्या हातात असा रिपोर्ट पडला की थायरॉइड वाढल्याचं निदान तयारच. त्याहून वाईट म्हणजे त्याच बायोटिनने एफएसएच खोटं कमी दिसू शकतं आणि खरा आजार निसटतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस या गोळ्या बंद, आणि लॅबला तसं सांगायचं.

दुसरी सवय अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलची. मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने घेतात ती. नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर त्यात बहुधा मळमळीवरचं डोम्पेरिडोन असतं. ते प्रोलॅक्टिन वाढवतं. प्रोलॅक्टिन वाढलं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप मंदावतो, इस्ट्रोजन घटतं, पाळी लांबते आणि वाफाही येऊ शकतात. पोटाच्याच कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड आणि मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन यांचंही तेच. दोष कॅप्सूलचा आणि एमआरआय मेंदूचा, असं होऊ शकतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

काही औषधांत वाफा अपेक्षितच असतात, तिथे पॅकेजची गरजच नाही. एंडोमेट्रिओसिस किंवा फायब्रॉइडसाठी महिन्याला वा तीन महिन्यांनी घेतलेलं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन इस्ट्रोजन मुद्दाम खाली आणतं. मूल होण्यासाठी दिलेली क्लोमिफीन किंवा लेट्रोझोल, स्तनाच्या कर्करोगानंतरची टॅमॉक्सिफेन, नैराश्याच्या गोळ्या, विशेषतः एसएसआरआय गटातल्या आणि व्हेन्लाफॅक्सिन, यांनीही झळा किंवा घाम येतो. नैराश्याची गोळी मात्र एकदम तोडायची नाही. तोडल्यानेही घाम फुटतो. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना इस्ट्रोजन कमीच असतं, रात्री अंथरूण भिजणं त्यात आलं. ऑपरेशनमध्ये गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले असतील तर वाफा काही दिवसांतच सुरू होतात; तिथे डिस्चार्ज कार्ड वाचलं की उत्तर मिळतं.

पॅकेजमध्ये सगळ्यात जास्त किमतीची बहुधा एएमएच. अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देते, आयव्हीएफच्या तयारीत तिचं काम मोठं आहे, पण पाळी नियमित असताना कमी आलेलं एएमएच गरम वाफांचं कारण सांगत नाही. उगाच पोटात गोळा येतो एवढंच. टेस्टोस्टेरॉन आणि एलएच-एफएसएचचं गुणोत्तर पीसीओएससाठी (अंडाशयाचा, पाळी लांबवणारा हार्मोन-बिघाड) मागवतात, आणि पीसीओएसमध्ये सहसा इस्ट्रोजन कमी नसतं. वाफा हे त्याचं नेहमीचं लक्षण नव्हे. ड आणि बी-१२ जीवनसत्त्वं कमी असण्याची शक्यता पुण्यात कुणाचीही आहे. ते भरून काढावं, पण वाफा त्याने थांबतील असं धरून चालू नये.

ज्या आजारासाठी हे रक्तकाम खरोखर करायचं, तो म्हणजे चाळिशीआधी अंडाशयांचं काम मंदावणं, पीओआय. ही लवकर आलेली रजोनिवृत्ती असं सरळ म्हणता येत नाही, कारण अंडाशय मधूनच जागे होतात आणि दहा-वीस जणींपैकी एखादीला आपोआप दिवसही जातात. चार महिने पाळी अनियमित किंवा बंद, आणि एफएसएच २५ च्या वर, ही खूण. शंका असेल तर ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा.

रिपोर्टमधला एक सापळा इथेच आहे. एफएसएचपुढे एक मर्यादा नसते, चार छापलेल्या असतात: पाळीचा पहिला टप्पा, मध्य, उत्तरार्ध आणि रजोनिवृत्तीनंतर. संगणकाला बाई कुठल्या टप्प्यात आहे ते माहीत नसतं, त्यामुळे २८ वर्षांच्या मुलीचं एफएसएच ४० आलं तरी ते रजोनिवृत्तीच्या मर्यादेत बसतं आणि आकडा ठळकही होत नाही, लालही होत नाही. शेजारी ड जीवनसत्त्व मात्र लालभडक. मग सोबतच्या ‘मोफत सल्ल्या’त फोनवरची व्यक्ती लाल आकडे वाचून दाखवते आणि सप्लिमेंट सुचवते.

पीओआय ठरलं तर गमी, सोयाच्या कॅप्सूल, शतावरी हे त्यावरचे उपचार नव्हेत. हाडं आणि हृदय सांभाळण्यासाठी इस्ट्रोजन, आणि गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन, साधारण पन्नाशीपर्यंत द्यावं लागतं. त्याने गर्भ राहणं थांबत नाही, हे वेगळं सांगावं लागतं. कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), एफएमआर-१ (एका जनुकाची), थायरॉइड आणि अ‍ॅड्रिनलच्या अँटिबॉडी, हाडांसाठी डेक्सा स्कॅन, ही पुढची यादी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टने लिहायची.

थायरॉइड वाढल्याची उष्णता वेगळी ओळखू येते. ती झटक्यात येऊन जात नाही. दिवसभर पंखा हवा असतो, तळहात ओलसर, बोटं थरथरतात, बसल्या जागी नाडी शंभरच्या आसपास, भूक चांगली असून वजन उतरतं. थायरॉइडची गोळी जास्त डोसमध्ये चालू असली तरी हेच. मान, नाडी, हात हे तपासायला समोर डॉक्टर लागतो, सुई टोचून निघून जाणारा माणूस नव्हे.

बाकीचं घरी होतं आणि फुकट होतं. दोन आठवडे वही ठेवा: झळ कधी आली, किती मिनिटं टिकली, पाळीचा कितवा दिवस, आधी काय खाल्लं-प्यायलं, नाडी आणि थर्मामीटरचा आकडा. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा ३८-४० ला टेकतो, तेव्हा दुपारच्या नोंदी धरू नका; पहाटेच्या आणि एसीतल्या धरा. झळ फक्त पाळीआधीच्या पंधरवड्यात येत असेल तर बीज सुटल्यानंतर शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस वाढतं, त्याचा हात असू शकतो. दहा मिनिटांत कळसाला जाणारी धडधड, श्वास अपुरा, आता काहीतरी होणार अशी भीती, तर पॅनिक अटॅकचा विचार करा. थरथर आणि कडकडून भूक लागली तर त्याच क्षणी ग्लुकोमीटर लावायचा. ७० च्या खाली असेल तर कारण साखर उतरणं. दुसऱ्या दिवशीचं उपाशीपोटीचं रक्त ते सांगणार नाही. वहीत संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला दिसला तर पॅकेज विसरा आणि टीबीची तपासणी करा. ससून रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते. गुलकंद, सब्जा, कोकम खुशाल घ्या. त्यांनी एफएसएच हलत नाही.

दोन आजार फार विरळा, पण घरपोच सेवेच्या आवाक्याबाहेरचे. डोकेदुखी, धडधड, घाम, चेहरा लाल नव्हे तर पांढराफटक, आणि त्याच वेळी बीपी चढलेलं, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा (अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ) असू शकते: यासाठी मेटानेफ्रिनची तपासणी, तेही निजवून वीस-तीस मिनिटांनी रक्त घेऊन, नाहीतर २४ तासांची लघवी. घामाविना लाली आणि सोबत जुलाब, म्हणजे कार्सिनॉइड (हार्मोन सोडणारी गाठ) असू शकते: २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए, आधी तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद.

नमुना घेणारा आला की दोन गोष्टी पाहा. नळ्यांवर नावाचं लेबल तुमच्यासमोर लागलं पाहिजे. आणि साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी हवी. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के आकडा घसरतो. दुचाकीच्या डिकीत, बर्फाच्या पॅकशिवाय, उन्हात दोन तास फिरलेल्या पिशवीतल्या पोटॅशियमचा आकडाही खोटा येऊ शकतो.

मागवायचंच तर पॅकेज सोडून सुट्या तपासण्या मागवा. लॅबच्या अ‍ॅपवर त्या खाली कुठेतरी दडवलेल्या असतात, फोनवर सांगितलं की लावून देतात. पाळीची तारीख आणि सगळ्या गोळ्यांची नावं फॉर्मवर स्वतः लिहा. पुन्हा तपासायची वेळ आली तर तीच लॅब ठेवा आणि रिपोर्टच्या तळाशी छापलेली पद्धत जुळवून पाहा, कारण दोन यंत्रांवरच्या एफएसएचचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.