डेव्हट्रॅकर: मदतीचा एकूण आकडा पाहून फसू नका

आफ्रिकेला मिळणाऱ्या युरोपीय मदतीवर प्रबंध लिहिणाऱ्या मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी, मग ते कलिन्याच्या आफ्रिका अभ्यास केंद्रातले असोत की घरून काम करणारे, सगळ्यात आधी ब्रिटिश सरकारचं डेव्हट्रॅकर उघडावं, म्हणजे ब्रिटनच्या परदेशी मदतीच्या प्रकल्पांची नोंद देणारं संकेतस्थळ. फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. फक्त देशाच्या पानावरचा एकूण आकडा तसाच उचलू नका.

मलावीचंच घ्या. एप्रिल 2011 मध्ये ब्रिटिश उच्चायुक्त फर्गस कॉक्रन-डाएट यांची गोपनीय तार फुटली. अध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांना टीका सहन होत नाही, असं तीत होतं. मलावीने त्यांना हाकललं, लंडनने मलावीच्या प्रभारी उच्चायुक्तांना परत धाडलं. जुलैत ब्रिटनने मलावीच्या तिजोरीत थेट जमा होणारी मदत बेमुदत थांबवली. कारण दिलं आर्थिक कारभाराचं आणि मानवी हक्कांचं. मलावीचं आर्थिक वर्ष तेव्हा जुलैतच सुरू व्हायचं, त्यामुळे घाव वर्मी बसला. पण गरिबांसाठीचा पैसा इतर मार्गांनी जात राहिला. एवढं मोठं भांडण एकूण बेरजेत बुडून जातं ते यामुळेच.

ते शोधायचं तर मलावीच्या प्रकल्पांच्या यादीत पूर्ण झालेले प्रकल्पही घ्या, नाहीतर फक्त चालू कामं हाती लागतील. मग 'सर्वसाधारण अर्थसंकल्पीय साहाय्य' (म्हणजे थेट तिजोरीत जाणारी मदत) हे क्षेत्र बघा, संकेतांक 51010. प्रकल्प उघडून थेट व्यवहारांच्या नोंदींकडे जा. कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम वेगवेगळ्या दिसतील. कबुली करारावेळची असते. संबंध बिघडले की हप्ता अडतो. म्हणून दिलेल्या रकमांच्या तारखा उतरवा. दोन्ही रकाने एकत्र बेरजेत घेणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि तिने अख्खा निष्कर्ष उलटतो.

प्रकल्पाची कागदपत्रं हा इथला खरा खजिना. वार्षिक आढाव्यात गुण असतात: 'ए' म्हणजे अपेक्षेइतकं काम, 'बी' म्हणजे कमी. संवेदनशील मजकूर मात्र गाळलेला असतो, त्यामुळे हप्ता का अडला हे इथे क्वचितच कळतं. त्यासाठी हॅन्सार्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या चर्चांचा अधिकृत वृत्तांत, वाचा. तोही फुकट आहे.

ब्रिटनचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च, तेवढी सोय. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेचे मदतीचे आकडे जानेवारी ते डिसेंबरचे असतात, ते शेजारी ठेवताना सांभाळा. जागतिक बँकेला ब्रिटनने दिलेल्या मूळ निधीतून मलावीला जे पोचतं, ते मलावीच्या पानावर शोधू नका.

तक्ता करताना एप्रिल 2012 पाशी रेघ मारा: मुथारिका वारले, जॉइस बांडा अध्यक्ष झाल्या, संबंध सुधारले. दुसरी रेघ 2013 च्या अखेरीस. 'कॅशगेट' या सरकारी पैशांच्या लुटीच्या घोटाळ्यानंतर देणगीदारांनी तिजोरीत जाणारा पैसा पुन्हा रोखला.