यूआरएल कुठल्या नियमाने वाचायचा? आरएफसी ३९८६ की व्हॉटडब्ल्यूजी

हिंजवडी-खराडीतली एखादी टीम दोन सर्व्हिसेसमधला प्रोटोकॉल लिहायला बसते, ‘इथे यूआरएल द्यावा’ असं लिहिते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. थांबायला हवं ते नेमकं तिथे. यूआरएलच्या आज दोन व्याख्या चालू आहेत आणि त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत.

एक, इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची आरएफसी ३९८६ (आरएफसी म्हणजे तिचा दस्तऐवज), जानेवारी २००५ची. कुठली अक्षरं चालतात, कुठली नाहीत, याचं ते व्याकरण आहे. दुसरी, ब्राउझर बनवणाऱ्यांच्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाची. त्यांचं स्टँडर्ड वेड्यावाकड्या यूआरएलचं ब्राउझरने काय करायचं तेही पायरी-पायरीने सांगतं आणि सतत बदलत राहतं.

पाथमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नावानंतरच्या भागात, ‘कसबा पेठ’ टाकून पाहा. आरएफसीत मोकळी जागाही बसत नाही, देवनागरीही नाही. व्हॉटडब्ल्यूजीचा पार्सर (यूआरएल वाचून त्याचे भाग पाडणारा कोड) दोन्ही मुकाट एन्कोड करतो, म्हणजे प्रत्येक बाइटच्या जागी ‘%E0’ सारखी तीन अक्षरं ठेवतो. नुसत्या ‘पुणे’ची चार युनिकोड चिन्हं यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट होतात आणि एन्कोड केल्यावर ३६ अक्षरं. पेठांची, माणसांची नावं यूआरएलमध्ये येणार असतील तर ही सोय मोठी आहे.

खरा धोका बॅकस्लॅशचा, म्हणजे ‘\’ चा. एचटीटीपीएसच्या यूआरएलमध्ये व्हॉटडब्ल्यूजी त्याला साधा स्लॅश मानतं, म्हणजे होस्ट (सर्व्हरचं नाव) तिथेच संपतो. आरएफसीत तो मुळात निषिद्ध. पण ढिलाईने लिहिलेला पार्सर त्याला तसाच गिळतो आणि पुढे ‘@’ असेल तर त्याच्यानंतरचं नाव होस्ट धरतो. गेटवेने (विनंती आधी तपासणाऱ्या सर्व्हरने) एका पद्धतीने तपासलं, मागच्या सर्व्हिसने दुसऱ्या पद्धतीने वाचलं, की परवानगी एका सर्व्हरची आणि विनंती भलत्याच सर्व्हरकडे. वेगवेगळ्या भाषांतल्या सर्व्हिसेसच्या मिश्र स्टॅकमध्ये ही भीती रोजची आहे: नोडचा (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टचा) यूआरएल क्लास व्हॉटडब्ल्यूजी पाळतो, तर जावाचा यूआरआय क्लास त्याहून जुन्या आरएफसी २३९६ वर उभा आहे आणि बॅकस्लॅश दिसताच एक्सेप्शन (एरर) फेकतो.

माझा कौल असा: माणसाने टाइप केलेलं किंवा ब्राउझरमधून आलेलं व्हॉटडब्ल्यूजीने वाचा, तेही एकदाच, आणि पुढे तोच निकाल वापरा. सर्व्हर-सर्व्हरमध्ये आरएफसी ३९८६ लावा, न बसणारं ४०० (‘चुकीची विनंती’ हा एचटीटीपी कोड) देऊन परत करा. तिसरं, घरचं रेजेक्स (अक्षरांचा साचा जुळवणारा नियम) नको.

एक खाच मात्र उरते. व्हॉटडब्ल्यूजीतून निघालेल्या क्वेरीत (‘?’ नंतरच्या भागात) उभी रेघ आणि महिरपी कंस तसेच राहतात, ते आरएफसीला चालत नाहीत. ते पाठवणाऱ्याने एन्कोड करावेत, हे वाक्य स्पेसिफिकेशनमध्येच लिहा.