जेवणाची उंच खुर्ची आणि न जेवणारी लेक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात, लेकीचा पहिला वाढदिवस होऊन चार-पाच दिवस झाले असतील, तेव्हा आम्ही तिच्यासाठी जेवणाची उंच खुर्ची घेतली. प्लॅस्टिकची बैठक, लोखंडी नळ्यांचे पाय, पुढे काढता-घालता येणारा ट्रे आणि कमरेला बांधायचा पट्टा, एवढीच तिची रचना असून किंमत साडेचार हजार रुपये पडली. पहिल्या महिन्यात कोणी विचारले असते तर पैसे वाया गेले असेच मी सांगितले असते. आज मत वेगळे आहे, आणि ते का बदलले हे सविस्तर सांगितल्याशिवाय या खुर्चीविषयी काही सांगणे अपुरे राहील.

आधीची परिस्थिती अशी होती. गोव्यात फोंड्यातल्या आमच्या घराला मोठे अंगण आहे आणि लेकीचे जेवण त्या अंगणातच होत असे, म्हणजे ती पुढे आणि पेजेची वाटी घेऊन आम्ही मागे. काऊचा घास, चिऊचा घास करता करता पाऊण तास जाई, आणि तरीही तोंड घट्ट मिटलेले असले की शेवटी मोबाइलवर गाणी लावून, तिचे लक्ष नसताना चमचा आत सरकवला जाई. उकड्या तांदळाची पेज, केळे आणि दूध याखेरीज ती कशालाही हात लावत नव्हती. जेवली नाही म्हणून दूध पाजायचे आणि दुधाने पोट भरले म्हणून पुढचे जेवण नाकारले जायचे, हे चक्र आमच्या लक्षातही आले नव्हते. वर्षाच्या तपासणीत तिचे वजन ८.१ किलो आणि हिमोग्लोबिन ९.८ भरले. वजनाविषयी डॉक्टरांनी चिंता दाखवली नाही, परंतु ती दिवसाला दूध किती पिते हे मात्र त्यांनी दोनदा विचारले. मोजून पाहिले तेव्हा ते ८०० मिलिलिटरच्या आसपास निघाले.

वर्षाच्या मुलाला रोज साधारण ८ मिलिग्रॅम लोह लागते असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशी सांगतात, आणि गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतेच. शिवाय दुधातले कॅल्शियम इतर अन्नातले लोह शोषले जाण्यात अडथळा आणते. दिवसाचे दूध ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत खाली आणायचे, बाटली बंद करून पेल्याने द्यायचे, लोहाचे थेंब सुरू करायचे आणि अन्न तिच्या हाती सोपवायचे, असा सल्ला मिळाला. आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली आणि माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते, पण दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते, त्यामुळे या वयात भूक मंदावणे हे बहुतेक वेळा वाढीचेच लक्षण असते. नवे पदार्थ नाकारण्याची वृत्तीही याच सुमारास डोके वर काढते.

खुर्ची आली ती या सल्ल्यानंतर, आणि पहिले तीन आठवडे अत्यंत निराशेचे गेले. बसवल्यावर पाच मिनिटांत ती चुळबुळ करू लागे, एका कुशीवर कलंडे, पाय झाडत असे आणि मग रडत उतरायचा हट्ट धरी. तिला खुर्ची आवडत नाही असा निष्कर्ष आम्ही काढलाच होता. एका दुपारी मी समोर जमिनीवर बसून नीट पाहिले, तेव्हा दिसले की तिचे पाय अधांतरी लोंबकळत आहेत आणि तोल सावरण्यासाठी ती दोन्ही हातांनी ट्रे धरून बसली आहे. ज्या हातांनी खायचे तेच हात शरीर सावरण्यात गुंतले होते. आपण स्वतः उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून जेवायचा प्रयत्न केला तर काय होते, याची कल्पना त्या क्षणी आली. वाड्यावरच्या सुतारांना बोलावून पुढच्या दोन नळ्यांना एक आडवी फळी बसवून घेतली. पावले फळीवर टेकलेली, गुडघे काटकोनात, कंबर मागे टेकलेली, अशी ती बसू लागली आणि त्याच आठवड्यात तिचे बसणे वीस मिनिटांपर्यंत गेले. साडेचार हजारांच्या वस्तूचा खरा उपयोग त्या फळीपासून सुरू झाला. त्यामुळे खुर्ची घेणार असाल तर पाय टेकवायची सोय आहे का, आणि ती मुलाच्या उंचीनुसार खालीवर करता येते का, एवढे तरी आधी पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा बदल आमच्या वागण्यातला होता. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली जबाबदारीची विभागणी आम्ही घरात लागू केली. काय द्यायचे, केव्हा द्यायचे आणि कुठे द्यायचे हे मोठ्यांनी ठरवायचे; खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवायचे. तीन जेवणे आणि दोन वेळचे मधले खाणे यांच्या वेळा ठरल्या, मधल्या वेळात पाण्याखेरीज काही नाही, आणि वीस मिनिटांनी ट्रे उचलायचा, मग त्यात काही उरलेले असो वा नसो. सासूबाईंना हे अतिशय जड गेले. “एवढंसं खाऊन रात्रभर कशी गं झोपेल ती?” असे त्या काकुळतीने विचारत आणि माझ्याकडेही धड उत्तर नसे. आम्ही दोघींनी मिळून आठवडाभर एका वहीत तिचे खाणे लिहिले. एका दिवशी जेमतेम चार घास, तर दुसऱ्या दिवशी दीड वाटी, असे दिसले. आठवड्याची बेरीज मात्र बरी निघाली. वही पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्यानंतर सकाळच्या जेवणाची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली.

ट्रेवर काय ठेवायचे हे आता सासूबाईच ठरवतात. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, आम्ही पहिल्यांदा दिली तेव्हा तिने चिमटीत धरून जमिनीवर टाकली. नवा पदार्थ मुलाने स्वीकारण्यापूर्वी तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही आग्रह न करता एक चमचाभर भाजी तिच्या ओळखीच्या भाताशेजारी ठेवत राहिलो. नवव्या वेळी तिने ती ट्रेवर फासली, गुलाबी झालेले बोट निरखून पाहिले आणि चाटले. अकराव्या वेळी खाल्ली. अळसांद्यांची, म्हणजे चवळीच्या जातीच्या कडधान्याची, गोष्ट याहून सुंदर आहे. मऊ शिजवलेला दाणा ती अंगठा आणि तर्जनीत धरून दाबते, साल निसटले की ते ट्रेच्या कडेला नीट ठेवते आणि आतला मऊ गर तोंडात घालते. एका जेवणात असे पंधरा-वीस दाणे होतात आणि तेवढा वेळ ती कोणाकडेही पाहत नाही. कडधान्य आणि पालेभाजीतले लोह शोषले जावे म्हणून त्यावर लिंबू पिळतो किंवा सोबत पिकलेल्या पेरूचा गर देतो. मोड आणलेल्या नाचणीचे पीठ आठवड्यातून चार वेळा असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असल्यामुळे दूध कमी केल्याची धास्तीही उरत नाही. पूर्वी आम्ही फडक्यातून गाळलेले सत्त्व देत होतो, आता कोंड्यासह पीठच शिजवतो.

दात येताना पोदेर, म्हणजे पाववाला, आणतो ते काकण, म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव, तिच्या हाती देण्याची घरची रीत आहे आणि ती आम्ही पाळली. पूर्वी ते चहात बुडवून दिले जात असे, ते मात्र बंद केले, कारण चहातली टॅनिन द्रव्ये लोहाला शोषू देत नाहीत. माशांपैकी मुडदुशे तिला सर्वांत मानवले. हळद-मीठ लावून वाफवायचे आणि प्रत्येक घास दोन बोटांत चुरून काटा नाही याची खात्री करूनच ट्रेवर ठेवायचे. शार्कच्या जातीच्या माशांत पाऱ्याचे प्रमाण अधिक असल्याने मोरी देत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात रोज एक अंडे, कधी ऑम्लेटच्या पट्ट्या तर कधी भातात कुस्करून, यांवर निभावले. शेंगदाणे, चणे, खोबऱ्याचे काप आणि अख्खी द्राक्षे ट्रेवर येत नाहीत. द्राक्षांचे उभे चार तुकडे करतो. घास घशाशी येऊन मूल ओकारी काढते, खोकते, त्याला घाबरून लगेच बोट घालू नये, पण आवाजच बंद झाला तर तो गुदमरण्याचा धोका असतो, हा फरक घरातल्या प्रत्येकाने शिकून घेतला आहे आणि ती खुर्चीत असताना एक मोठे माणूस समोर बसलेलेच असते.

खुर्चीचे दोषही सांगितले पाहिजेत. पट्टा फक्त कमरेचा आहे, खांद्यांचा नाही; ऑगस्टमध्ये तो सैल राहिला आणि ती बैठकीवर उभी राहिली. त्याहून वाईट प्रसंग म्हणजे खुर्ची जेवणाच्या टेबलाला चिकटून ठेवलेली असताना तिने दोन्ही पायांनी टेबल मागे रेटले, खुर्ची मागच्या पायांवर कलली आणि यजमान शेजारी होते म्हणूनच ती सावरली. तेव्हापासून खुर्ची टेबलापासून हातभर दूर असते. बैठक आणि पाठ यांच्या फटीत भात अडकतो आणि तो काढायला दात घासायचा जुना ब्रश लागतो. पावसाळ्यात पट्ट्याच्या कापडाला बुरशी धरली. विक्रेत्याने नवा पट्टा पाठवण्याचे कबूल केले, तो अजून आलेला नाही. ट्रेवरचे हळदीचे डाग निघत नाहीत, परंतु उन्हात ठेवल्यावर फिके पडतात.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी गेलो तेव्हा खुर्ची सोबत नव्हती. पंगतीत तिला पाटावर बसवून समोर केळीचे पान मांडले, आणि भाज्या घातलेले खतखते तिने एकेक फोड उचलून पाहत निम्मे तरी खाल्ले. बसून, आपल्या हाताने, घरच्यांसोबत जेवायचे हे तिच्या अंगवळणी पडले होते, हे त्या दिवशी कळले. ज्यांना एवढा खर्च करायचा नसेल त्यांनी भिंतीला टेकवलेला पाट आणि समोर ठेंगणा चौरंग वापरून पाहावा, असे मी त्यामुळेच सुचवते.

लोहाच्या थेंबांना तीन महिने झाल्यावर हिमोग्लोबिन ११.४ आले. त्याचे श्रेय आधी थेंबांना आणि कमी केलेल्या दुधाला द्यायला हवे. आता ती वीस महिन्यांची असून वजन ९.७ किलो आहे. भेंडी आणि वांगे ती अजून बाजूला सारते, आजारी पडली की पुन्हा पेजेवर येते, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा आवडता पदार्थ अचानक नावडता होतो. जेवणाची वेळ झाली की मात्र ती फळीवर पाय देऊन स्वतःच वर चढायला बघते. तिचे गुडघे आता ट्रेला लागू लागले आहेत, म्हणून येत्या रविवारी सुतारांना फळी दोन बोटे खाली घ्यायला बोलावले आहे.