मिंग की छिंग? बीजिंगहून एकच समाधीस्थळ बघायचं असेल तर

बीजिंगच्या मुक्कामात सम्राटांच्या समाध्यांसाठी एकच दिवस निघत असेल, तर निवड दोनांत होते: शहराच्या उत्तरेच्या, मिंग राजघराण्याच्या समाध्या, नाहीतर पूर्वेला हबेई प्रांतातल्या, नंतरच्या छिंग राजघराण्याच्या ‘पूर्व छिंग’ समाध्या. मी दोन्ही पाहिल्या, वेगवेगळ्या वर्षी.

सोय बघाल तर मिंग समाध्याच. शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटर, बस आणि मेट्रोने जाता येतं. तिथला दगडी मूर्तींचा मार्ग मला आजही आठवतो. 24 प्राणी आणि 12 माणसं, प्रत्येक जातीचे प्राणी दोन बसलेले आणि दोन उभे. यॉन्गल सम्राटाच्या चांगलिंग या समाधीत नानमू लाकडाचे खांब आहेत, दोघांच्या कवेतही न मावणारे. त्यांच्यापुढे उभं राहिलं की बोलणं आपोआप थांबतं.

पण बहुतेक लोक जातात ते वानली सम्राटाच्या डिंगलिंगला, आणि माझं तिथेच बिनसलं. मिंगांच्या 13 समाध्यांपैकी उत्खनन झालं ते या एकीचंच, 1956 ते 1958 दरम्यान. हवा लागताच आतलं रेशीम खराब झालं. 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या लाटेत सम्राट आणि त्याच्या दोन राण्यांचे अवशेष जाळले गेले. आपण गर्दीबरोबर पायऱ्या उतरत खोल जातो आणि पुढे काय, तर उघड्या दगडी भिंती आणि लाल रंगाच्या पेट्या. त्या पेट्याही नकला. मूळ शवपेट्या 1959 मध्येच टाकून दिल्या होत्या. एवढं उतरून नक्कल पाहिली, याची चुटपुट मला परतीच्या बसमध्येही लागून राहिली.

पूर्व छिंग समाध्याही लुटल्या गेल्या आहेत. 1928 मध्ये सुन दियानयिंग या सेनाधिकाऱ्याच्या सैन्याने सुरुंग लावून छियानलोंग सम्राट आणि सम्राज्ञी त्सिशी यांच्या समाध्या फोडल्या. पण दागिने नेता आले, भिंती नाही नेता आल्या. छियानलोंगच्या युलिंगमध्ये तळघराच्या दारांवर बोधिसत्त्व कोरलेत, आणि भिंतींवर, कमानींवर तिबेटी नि संस्कृत मंत्र. संस्कृत, पण लांत्सा लिपीत. आपलीच भाषा समोर आणि एक अक्षर वाचता येईना! मी तिथे अर्धा तास तरी उभा होतो. त्सिशीच्या समाधीपुढची शिळाही चुकवू नका. इतरत्र ड्रॅगन आणि फिनिक्स जोडीने असतात, इथे फिनिक्स वर आणि ड्रॅगन खाली.

अंतर मात्र सव्वाशे किलोमीटर आहे. आम्ही गाडी ठरवली होती आणि पूर्ण दिवस गेला. सोबत लहान मुलं असतील किंवा हाताशी अर्धाच दिवस असेल, तर मी आग्रह करणार नाही. मिंगला जा, पण चांगलिंग आणि मूर्तींच्या मार्गाला वेळ द्या, डिंगलिंग वगळलं तरी चालेल. सबंध दिवस असेल तर मात्र, माझ्या मते, पूर्वेलाच जावं. मी पुन्हा गेलो तर तिथेच जाईन.

गाडी ठरवताना नुसतं ‘डिंगलिंग’ म्हणू नका. छिंगांच्या परिसरातही त्याच नावाची समाधी आहे, शियानफंग सम्राटाची. छिंग समाध्या ज्या गावाजवळ आहेत त्या झुनह्वाचं नाव चिनी अक्षरांत लिहून चालकाला दाखवा.