हॉकी स्केट : नंबर तोच, बूट मात्र वेगळा

खान्देशात बर्फाचं रिंक नाही. जळगाव-धुळ्याकडे स्केटवरची हॉकी खेळायची तर इनलाइन, म्हणजे एका रांगेतल्या चाकांवर, सिमेंटच्या कोर्टवर. पण चाकांवरचा बूट बर्फावरच्या स्केटच्याच घडणीवर बेतलेला असतो, त्यामुळे बॉअर या स्केट कंपनीच्या जुन्या-नव्या मापांतला फरक इथेही तितकाच नडतो.

जुन्या जोडात आधी मॉडेल बघायचं, मग रुंदीचं अक्षर. व्हेपर टाचेत निमुळता, सुप्रीम पायाला लगटून बसणारा, नेक्सस ऐसपैस. डी म्हणजे नेहमीची रुंदी, ईई म्हणजे रुंद. २०२० पासून कंपनीने फिट १, २, ३ आणले : १ अरुंद, २ मधला, ३ रुंद. यात रुंदीबरोबर बुटाची खोलीही धरली आहे, आणि खरी सुधारणा तीच. जाड पायाला डी घेतला की लेस आवळताच पायाच्या वरच्या हाडावर कळ यायची, ईई घेतला की टाच उचलायची. अशा बऱ्याच पायांचा प्रश्न फिट २ ने सुटतो. जुना व्हेपर डी नीट बसत असेल तर बहुधा फिट १ बघा, नेक्सस ईई असेल तर फिट ३.

खोली तपासायला पेन्सिल पुरते. लेस सैल, पाय आत, टाच मागे ठोकून बसवलेली. वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. दोन्ही कडांना टेकण्याआधी ती पायाला लागली, तर बूट उथळ आहे. तो परत करा. गरम करून खोली वाढत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

नंबरात सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण आपल्याकडच्या बुटांवर यूकेचा आकडा असतो. यूके ८ म्हणजे अमेरिकी ९, आणि स्केट त्याहून एक ते दीड नंबर लहान, म्हणजे साडेसात-आठ. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत. पोराचा पाय वाढतोय म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नका. टाच उचलते, घोटा आत कलतो, फोड येतात, आणि पोरगं खेळ सोडतं. जास्तीत जास्त अर्धा नंबर मोठा.

जुन्या बुटाची एक बाजू मात्र मान्य करावी लागते : तो वापराने पायाजोगा होतो. चामड्याचा किंवा नायलॉनचा असेल तर चांभार लाकडी साच्यावर चढवून थोडा ताणूनही देतो. नव्या टणक कवचावर हे चालत नाही. तिथे गरम करून ठरावीक जागा फुगवायचं यंत्र लागतं आणि ते स्केटच्या दुकानातच असतं. म्हणून नवा घ्यायचा तर पहिल्याच दिवशी अचूक बसणारा घ्या, 'सैल होईल हळूहळू' या भरवशावर नको. जुना वापरलेला घेताना घोट्याच्या दोन्ही भिंती हाताने आत दाबा. सहज दुमडल्या तर तो बूट संपला, चाकं कितीही नवी असोत.

नवा बूट साधारण ८० अंशांवर काही मिनिटं तापवून पायावर बसवतात. ते काम दुकानातच करून घ्या, घरच्या ओव्हनचा भरवसा धरू नका. तापलेल्या बुटाची लेस वर नाही, बाजूला ओढायची, नाहीतर भोकं उखडतात. मग पंधरा-वीस मिनिटं बसून राहायचं, चालायचं नाही.

आमचा कौल : मोठ्यांना नवा जोड, फिट तपासूनच. वाढत्या पोरांना मजबूत घोट्याचा जुना जोड चालेल. आणि कुठलाही असो, मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. इथे बाहेरच पारा ४५ ला टेकतो, बंद गाडीत त्याहून बराच वर जातो, आणि तळाचा गोंद सुटू लागतो.