कॅम्पर व्हॅनला वीज: घरातला एक्स्टेन्शन बोर्ड की वेगळा पॉइंट?

तोरणमाळ, पाल या थंड हवेच्या ठिकाणांकडे निघालेल्या कॅम्पर व्हॅन आता रावेर-यावलकडच्या मळ्यांतही मुक्कामाला थांबतात. बहुतेक जण ओट्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून देतात. दिवे, पंखा, मोबाइल एवढ्यापुरतं ते निभावतं. पण मे महिन्यात खानदेशात पारा ४५ अंशांना टेकतो आणि व्हॅनचा एसी रात्रभर चालतो. १५०० वॅटचा एसी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो. ६ अँपिअरच्या बोर्डाचा दम तिथेच संपतो. वायर रिळावर गुंडाळलेली राहिली तर आणखीच तापते.

वेगळा पॉइंट म्हणजे मेन बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तीन कोअरची केबल (अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटरची), १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आणि झाकणाचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट. खर्च जास्त, तरी मी हाच करायला सांगेन, आणि तो मुख्यतः आरसीसीबीसाठी. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. व्हॅन रबरी टायरांवर उभी असते. अर्थिंग नसेल आणि आत फेज पत्र्याला लागला, तर ओल्या जमिनीवरून दाराची कडी धरणाऱ्याच्या अंगातूनच करंट जातो. आरसीसीबी तो क्षणात तोडतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबाच.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

जोडताना आधी व्हॅनकडचं टोक, मग सॉकेटचं, काढताना उलट.