हायड्रोमार्कर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

पाणलोटाचं प्रशिक्षण घेऊन गावी परतलेल्या गटांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: समतल चरांची (पावसाचं पाणी अडवून जिरवण्यासाठी उतारावर एकाच पातळीत खोदलेल्या चरांची) आखणी बांबूच्या तिकोनी ए-फ्रेमने करायची की पाण्याच्या नळीच्या हायड्रोमार्करने? उन्हाळ्यात मुरमाड डोंगरउतारावर आखणी झाली, त्याच चरांवरून अख्खा पावसाळा गेला. त्यानंतरचं मत स्पष्ट आहे. हायड्रोमार्करच घ्या. मात्र प्रशिक्षणात पट्टीवरचं वाचन जितकं घोटून घेतात तितकी नळी तपासणं घोटून घेत नाहीत, आणि चर बिघडतात ते नेमके तिथेच.

साधन अगदी साधं आहे. सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दीड-दोन मीटरच्या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्याची पारदर्शक नळी. गवंडी जोत्याची (प्लिंथची) लेव्हल काढतात तीच ही पद्धत. नळी १५ मीटरची घ्या, म्हणजे पट्ट्या १० मीटर अंतरावर आरामात उभ्या राहतात. आतला व्यास १० मिमी असावा. ५ मिमीच्या बारीक नळीत बुडबुडा अडकला की हलता हलत नाही. १० मिमीच्या नळीत सव्वा लिटरच्या आत पाणी लागतं. बादली उंचावर ठेवून वक्रनलिकेने, म्हणजे नळीचं एक टोक बादलीत बुडवून, एकाच बाजूने सलग भरावं. मध्येच टोक पाण्याबाहेर आलं तर नळी रिकामी करून पुन्हा भरावी. रंगासाठी शाई चालते, कुंकू नको. त्याचा गाळ नळीत बसतो.

वाचनात नवशिक्यांचा हमखास घोळ होतो. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असल्यामुळे उंच जागेवरच्या पट्टीवर आकडा कमी दिसतो आणि सखल जागेवर जास्त. दोन्ही आकडे सारखे आले की त्या दोन जागा समतल. उतार मोजायचा तर १० मीटरवर ८० सेंमी फरक म्हणजे ८ टक्के. चढ जास्त असेल तर फरक पट्टीत मावत नाही, तेव्हा ५ मीटरवर काम करा.

आता नळीच्या खोडी. सकाळी भरलेल्या थंड पाण्यातली विरघळलेली हवा उन्हात बाहेर पडते आणि नळीत बारीक बुडबुडे जमतात. ते एकत्र येऊन नळी अडवतील एवढे झाले की वाचन काही सेंटिमीटरनी चुकतं. शिवाय उन्हाने नळी फुगते आणि दोन्ही टोकांचं पाणी थोडं खाली बसतं. दोन्ही पट्ट्या वाचणाऱ्याला याचा त्रास नाही, कारण फरक तोच राहतो. पण वेळ वाचवायला बरेच गट सुरुवातीला एकदा खूण करून पुढे एकाच पट्टीवर पाणी पाहतात. त्यांची रेघ दुपारनंतर हळूहळू घसरत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पट्टी हलवताना टोकाचं बूच न लावल्याने पाणी सांडलं तरी हाच प्रकार. म्हणून दोन्ही पट्ट्या एकाच सपाट दगडावर शेजारी उभ्या करून आकडे जुळवायचे: सकाळी, जेवणानंतर आणि नळीला हिसका बसला की प्रत्येक वेळी. दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

एवढा काटेकोरपणा कशाला, तर हिशेब बघा. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल चरात मीटरला १८० लिटर पाणी मावतं. ३० मीटरच्या सलग चरात अर्धा टक्का उतार राहिला तर दोन टोकांत १५ सेंमीचा फरक पडतो. खालचं टोक काठोकाठ भरतं तेव्हा वरच्या टोकाला चर निम्माच भरलेला असतो, म्हणजे एकूण साठवण पाव हिस्स्याने घटते. उतार १ टक्का असेल तर साठवण निम्म्यावर. त्याहून वाईट म्हणजे सगळं जादा पाणी एकाच जागी काठ ओलांडतं, खोदलेल्या मातीचा खालचा भराव फोडतं आणि नवी ओघळ पाडतं. पावसाळ्यात जे भराव फुटले ते अशाच ठिकाणी.

यावर स्वस्त उपाय म्हणजे दर १० मीटरला चरात हातभर माती न खोदता सोडणं. तोच अर्धा टक्का उतार मग ५ सेंमीवर येतो आणि घट जेमतेम ८ टक्के राहते. ही गोष्ट जेसीबीवाल्याला आधीच बजावून ठेवा. त्याला सलग ओढायची सवय असते. खोदलेली माती चराच्या खालच्या बाजूला टाका, पण काठापासून २०-३० सेंमी जागा सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. ओघळ आडवी आली तर चर अलीकडेच थांबवा. ओघळीत अनगड (न घडवलेल्या दगडांचा) बांध घाला, चर तिच्यातून नेऊ नका.

ए-फ्रेम वाईट नाही. दोन माणसं, तीन बांबू, ओळंबा, खर्च जवळपास शून्य. पण वाऱ्यात ओळंबा हलतो आणि पाय दगडावर की खड्ड्यात पडला यावर प्रत्येक पावलाला चूक साचते. छोट्या तुकड्याला ती पुरते. मोबाइलच्या अॅपवर मात्र विसंबू नका. अर्धा टक्का उतार म्हणजे जेमतेम ०.३ अंश, तेवढं फोन खात्रीने दाखवत नाही.

शहरातही हा हायड्रोमार्कर उपयोगी आहे. सोसायटीत गच्चीचं पाणी शोषखड्ड्याकडे नेणाऱ्या गटाराला १०० मीटरला १ मीटर उतार द्यायचा असेल तर १० मीटरवर १० सेंमी फरक मिळायला हवा, आणि तो या नळीवर स्वच्छ वाचता येतो.

काळ्या खोल मातीच्या शेतात चर आखायला मात्र हे घेऊन जाऊ नका. तिथे कंपार्टमेंट बंडिंग, म्हणजे छोटे बांध घालून शेताचे कप्पे करणं लागतं, चर नव्हे.

आखणीची सर्वांत चांगली तपासणी पाऊसच करतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच चरांवरून चाला आणि प्रत्येक तुकड्यात दोन्ही टोकांचं पाणी काठापासून किती खाली आहे ते पट्टीने मोजा. ५ सेंमीपेक्षा जास्त फरक असलेल्या तुकड्यांना फक्कीने (चुन्याच्या भुकटीने) खूण करा आणि उघडीप मिळताच मधोमध मातीचा अडसर घाला.

हंगाम संपला की नळी रिकामी करून सावलीत सैल गुंडाळून ठेवा. पाणी आत राहिलं तर शेवाळ धरतं. कडक झालेली आणि घडी पडलेली नळी सरळ बदला. पट्ट्या वर्षानुवर्षं टिकतात.